युरोपियन युनियनचा पैसा गरीब भागांना जवळ आणतो का? जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता: युरोपियन युनियनमधले श्रीमंत देश गरीब देशांना कितीतरी वर्षं पैसे देतायत, तरी पूर्व-पश्चिम फरक दिसतोच, वर ज्या भागांना भरपूर पैसे मिळाले त्यातल्या काहींनी युनियनच्याच विरोधात मतं दिली, मग हा पैसा पाण्यात गेला का, आणि बाजार एक झाला की समाज आपोआप एक होतो हे खरं का, आणि २०२७ नंतर काय.

आधीच सांगते, मी याच पैशातून झालेल्या कामांचं मूल्यमापन करते, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर तिथे जाऊन ठरवलेलं झालं का, कोणाला उपयोग झाला, हा पैसा नसता तरी ते झालं असतं का, हे बघायचं. माझं पोटच यावर चालतं त्यामुळे अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण दोन्ही बाजूंच्या फाइली बघितल्यात.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात तीन वेगळी अंतरं एकत्र झालीयत. देश आणि देश यांच्यातलं अंतर, एकाच देशातल्या राजधानी आणि मागास जिल्ह्यातलं अंतर, आणि एकाच गावात राहणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांमधलं अंतर. पहिलं बऱ्यापैकी कमी झालंय, दुसरं बऱ्याच ठिकाणी वाढलंय, आणि तिसऱ्याला या पैशाचा हात जेमतेम पोचतो. लोक भांडतात ते बहुतेक वेळा एकजण पहिल्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्याबद्दल म्हणून.

आता पैसे का देतात. हे दान आहे असं धरून चाललं तर पुढचं काहीच नीट कळत नाही. १९५७ च्या रोमच्या करारातच प्रदेशांमधला फरक कमी करायची भाषा होती आणि रोजगार-प्रशिक्षणासाठीचा सोशल फंडही तेव्हाचाच, पण प्रादेशिक विकासाचा फंड आला १९७५ मध्ये, ब्रिटन आणि आयर्लंड आत आल्यानंतर. खरी उडी १९८८ ची. स्पेन आणि पोर्तुगाल १९८६ मध्ये आले, १९९२ संपेपर्यंत एकच बाजार करायचा ठरलं, आणि या देशांनी सरळ विचारलं की सीमा उघडल्या की आमचे कारखाने तुमच्या कारखान्यांसमोर टिकणार कसे. तेव्हा जॅक डेलॉर युरोपियन कमिशनचे, म्हणजे रोजचा कारभार चालवणाऱ्या संस्थेचे, अध्यक्ष होते, त्यांच्या काळात या फंडांची रक्कम दुप्पट करायचं ठरलं. मग मास्ट्रिक्टचा करार आला, युरो हवा असेल तर सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवा असं ठरलं, आणि ज्यांना अजून रस्ते, सांडपाण्याची केंद्रं बांधायची होती त्यांना एकाच वेळी खर्च कमी करा आणि बांधकामही करा असं सांगण्यासारखं झालं, म्हणून स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस आणि आयर्लंड या चौघांसाठी वेगळा कोहिजन (म्हणजे एकसंधता) फंड काढला. म्हणजे ही बाजार उघडण्याची किंमत होती, आणि मोठ्या बाजाराचा फायदा ज्यांना जास्त होणार होता त्यांनी ती मोजली. आजही गरीब देशात या पैशातून काम निघालं की त्यातली कितीतरी यंत्रसामग्री श्रीमंत देशांतूनच येते, हे तिथल्या निवडणुकीच्या भाषणात कोणी सांगत नाही ती गोष्ट वेगळी.

रक्कम किती ते पण बघा, कारण अपेक्षा तिथूनच चुकतात. २०२१ ते २०२७ या काळासाठी साधारण ३९२ अब्ज युरो, युनियनच्या बजेटचा जवळजवळ एक तृतीयांश. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण युनियनचं अख्खं बजेटच सगळ्या देशांच्या मिळून उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास असतं. अमेरिकेत केंद्र सरकार जीडीपीच्या वीस टक्क्यांहून जास्त खर्च करतं, तिथे एखादं राज्य अडचणीत आलं की बेरोजगार भत्ता, पेन्शन, आरोग्याचा खर्च आपोआप केंद्रातून येत राहतो. युरोपात पेन्शन आणि भत्ता ज्याच्या त्याच्या देशाचा. त्यामुळे या एवढ्याशा पैशानं सगळा खंड समपातळीत येईल असं कोणी म्हणत असेल तर त्याला हिशोब माहीत नाही. घेणाऱ्या काही देशांसाठी मात्र ही रक्कम प्रचंड आहे, तिथे सरकारी गुंतवणुकीतला जवळजवळ अर्धा पैसा यातून येतो.

मिळतं कोणाला? देशांचे साधारण आठ लाख ते तीस लाख वस्तीचे प्रदेश पाडलेत. प्रदेशाचा दरडोई जीडीपी, तिथली महागाई लक्षात घेऊन, युनियनच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो 'कमी विकसित', आणि मग प्रकल्पाच्या खर्चातला ८५ टक्क्यांपर्यंत वाटा युनियन देऊ शकते. ७५ ते १०० मध्ये असेल तर मधला गट, त्याच्यावर असेल तर ४० टक्क्यांपर्यंतच. ऐकायला स्वच्छ वाटतं, पण रेषा कुठे आखली यावर सगळं ठरतं. पोलंडच्या माझोव्येत्स्के प्रदेशात वॉर्सा येतं, शहर इतकं पुढे गेलं की त्याच्यामुळे आजूबाजूचा गरीब ग्रामीण भागही कागदावर श्रीमंत झाला आणि मोठ्या अनुदानाच्या यादीतून बाहेर पडायची वेळ आली. मग २०१८ पासून आकडेवारीसाठी त्याचे दोन तुकडे केले, वॉर्सा आणि परिसर एकीकडे, उरलेला प्रदेश दुसरीकडे. हंगेरीनेही त्याच वेळी बुडापेस्ट वेगळं काढलं. काहीजण याला चलाखी म्हणतात, मला तर हे आधीच व्हायला हवं होतं असं वाटतं, कारण सरासरीत कोणी राहत नाही.

निकाल काय लागला ते आता. पोलंड २००४ मध्ये आत आला तेव्हा दरडोई जीडीपी युनियनच्या सरासरीच्या साधारण निम्मा होता, आज ८० टक्क्यांच्या आसपास आहे. बाल्टिक देश, रोमानिया, यांचीही चढती रेष आहे. दुसरीकडे ग्रीस २००९ च्या सुमाराला सरासरीच्या बऱ्यापैकी जवळ होता आणि कर्जसंकटानंतर जो घसरला तो ७० टक्क्यांच्या आसपासच घुटमळतोय. दक्षिण इटलीत तर युनियनच्या आधीपासून, १९५० पासून सरकारचा स्वतंत्र फंड होता, नंतर युनियनचाही पैसा आला, तरी तिथला कालाब्रिया प्रदेश आजही मागासांच्या यादीत. आयर्लंडचं उदाहरण लोक हमखास देतात, ते जरा जपून वापरा, तिथला जीडीपी परदेशी कंपन्यांच्या हिशोबांमुळे इतका फुगलाय की आयरिश सरकारनंच स्वतःसाठी वेगळं माप काढलंय.

मग एकच औषध एकाला लागू पडलं आणि दुसऱ्याला नाही, असं का? इथे परिस्थितीवर खूप अवलंबून आहे. माझं मत असं की पूर्वेच्या देशांना फंडापेक्षा बाजारात प्रवेश आणि कायद्यांची हमी यांनी जास्त पुढे नेलं. स्लोव्हाकियात जर्मन, फ्रेंच, कोरियन कंपन्या आल्या आणि आज लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त गाड्या तिथे बनतात, हे अनुदानानं झालेलं नाही, पगार कमी, कामगार कुशल, जर्मनी जवळ आणि नियम सारखे यामुळे झालं. फंडाचं काम मुख्यतः आधाराचं, म्हणजे कारखान्यापर्यंत हायवे, रेल्वे, शुद्ध पाणी. जिथे स्थानिक प्रशासन धड आहे आणि कंत्राटं ठरलेल्या माणसालाच मिळत नाहीत तिथे हा आधार कामी येतो. जिथे ते नाही तिथे पैसा येतो, फीत कापली जाते, आणि पाच वर्षांनी आम्ही मूल्यमापनाला जातो तेव्हा उद्योगनगरीच्या रिकाम्या प्लॉटवर गवत वाढलेलं असतं.

आता दुसरं अंतर, आणि खरं दुखणं इथेच आहे असं मला वाटतं. प्राग, ब्रातिस्लाव्हा, वॉर्सा, बुखारेस्ट या राजधान्या युनियनच्या सरासरीच्या वर गेल्यात. त्याच रोमानियाचा ईशान्य भाग किंवा बल्गेरियाचा वायव्य भाग मात्र युनियनमधल्या सगळ्यात गरीब प्रदेशांत मोडतो. आणि मधल्या काळात माणसं निघून गेली. बल्गेरियाची लोकसंख्या १९८० च्या दशकाच्या शेवटी नव्वद लाखांच्या जवळ होती, २०२१ च्या जनगणनेत पासष्ट लाखांच्या आसपास. लाटव्हिया १९८९ मध्ये सव्वीस-सत्तावीस लाख होता, आता एकोणीस लाखांच्याही खाली. सगळेच स्थलांतरित नाहीत, जन्मही कमी झाले आणि म्हातारी माणसं गेली, पण गेले ते बहुतांश तरुण, आणि नर्स, डॉक्टर, इलेक्ट्रिशियन असे, ज्यांच्याशिवाय गाव चालत नाही. २००४ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं नव्या देशांच्या कामगारांना लगेच दार उघडलं, जर्मनी आणि ऑस्ट्रिया २०११ पर्यंत थांबले.

यात आकड्यांचा एक खेळ आहे तो लक्षात ठेवा. दरडोई उत्पन्न म्हणजे उत्पन्न भागिले माणसं. कमी उत्पन्नाची माणसं निघून गेली की भागाकार वाढतो. तक्त्यात प्रदेश 'जवळ आला' असं दिसतं आणि प्रत्यक्षात शाळा बंद झालेली असते. ब्रसेल्सला, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाला, हे कळायला वेळ लागला, पण कळलंय. इटलीचे माजी पंतप्रधान एन्रिको लेत्ता यांनी २०२४ मध्ये एकच बाजाराबद्दल जो अहवाल दिला त्यात जाण्याच्या स्वातंत्र्याबरोबर राहण्याचंही स्वातंत्र्य हवं असं म्हटलंय, म्हणजे ज्याला जायचंय त्यानं जावं पण पर्याय नाही म्हणून कोणाला घर सोडावं लागू नये. मला ही मांडणी पटते, फक्त त्यासाठी लागतो शिक्षक, बस, दवाखाना, आणि हा फंड नेमका तिथेच अडखळतो.

का अडखळतो ते आतल्या बाजूनं सांगते. मंजूर झालेला पैसा ठराविक वर्षांत खर्च नाही झाला तर परत जातो, साधारण तीन वर्षांचा नियम असतो. त्यामुळे फंड चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर सतत एकच टांगती तलवार, पैसे संपव. रस्ता घ्या, एक कंत्राट, मोठी रक्कम, इतके किलोमीटर झाले हे मोजता येतं, ऑडिटवाल्याला दाखवता येतं. त्याच रकमेत बेरोजगार तरुणांसाठी प्रशिक्षण, घरी एकट्या असलेल्या वृद्धांची काळजी, असं काही करायचं तर शंभर छोट्या संस्था, हजारो सह्या, हजेरीपट, पावत्या, आणि त्यातली एक पावती चुकली तरी वसुलीची नोटीस. हल्ली ठराविक दराने रक्कम देण्याची सोपी पद्धत आलीय, तिचा फायदाही होतोय, तरी भीती गेलेली नाही. शिवाय बहुतेक वेळा आधी स्वतः खर्च करा मग परतावा मिळेल असं असतं आणि उरलेला १५ टक्के वाटा स्वतःचा घालायचा असतो. ज्या छोट्या नगरपालिकेला याची सगळ्यात जास्त गरज तिच्याकडे ना तेवढी शिल्लक, ना अर्ज लिहायला माणूस. मग अर्ज कोण जिंकतं? ज्याच्याकडे आधीच सल्लागार नेमायची ऐपत आहे तो.

आणि इमारत मिळते पण चालवायचा खर्च स्वतःचा. नवी कोरी बालवाडी, रंगीत भिंती, बाहेर युनियनच्या निळ्या झेंड्याची पाटी, आणि शिक्षिकेचा पगार नगरपालिकेला परवडत नाही म्हणून अर्धे वर्ग बंद, हे मी एकापेक्षा जास्त देशांत बघितलंय. यात कोणी चोरी केलेली नसते हो, सगळं नियमाप्रमाणे.

तिसरं अंतर याहून अवघड. रोमा समाजाचं बघा, म्हणजे ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणायचे ते. स्लोव्हाकियात रोमा मुलांना मतिमंद मुलांच्या शाळेत किंवा वेगळ्या वर्गात बसवतात म्हणून कमिशननं २०१५ मध्ये कारवाई सुरू केली आणि प्रकरण २०२३ मध्ये युरोपियन न्यायालयाकडे पाठवलं. म्हणजे युनियन एका हातानं त्याच देशाला शाळांसाठी, समावेशनासाठी पैसे देतेय आणि दुसऱ्या हातानं त्याच शाळांबद्दल खटला चालवतेय. वस्तीजवळ चांगली शाळा बांधली तर बाकीचे पालक आपली मुलं काढून घेतात आणि शाळा आणखी वेगळी पडते, म्हणून आता अनुदान देतानाच मुलं एकत्र बसतील का हे विचारायला लागलेत. कागदावर अट घालणं सोपं, पण नगराध्यक्षाला पुढच्या निवडणुकीत मतं मागायची असतात त्याच पालकांकडे.

आता तुमचा मतांचा मुद्दा. ब्रिटनच्या वेल्समधलं एबू वेल हे गाव ज्या ब्लायनाय ग्वेंट भागात येतं, तिथे युनियनचा पैसा भरपूर गेला होता आणि २०१६ मध्ये तिथल्या ६२ टक्के मतदारांनी ब्रिटननं युनियनमधून बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचीही तीच गत. लोक याला कृतघ्नपणा म्हणतात, मला ते पटत नाही. एबू वेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झाला, कॉलेज आलं, रस्ते झाले, पण कारखान्याच्या पगारावर जे घर चालायचं तसं चालवणारं काम आलं नाही. आंद्रेस रॉद्रिगेझ-पोसे हे आर्थिक भूगोलाचे प्राध्यापक, त्यांची मांडणी अशी की राग हा नुसत्या गरिबीतून येत नाही, एकेकाळी महत्त्व होतं आणि आता कोणी विचारत नाही अशा जागांच्या लांबलेल्या घसरणीतून येतो. माझा अनुभव याच्याशी जुळतो. खरोखर गरीब, पण वर चढणाऱ्या भागात लोक युनियनबद्दल चांगलं बोलतात, आणि बऱ्या स्थितीतल्या पण खाली जाणाऱ्या भागात शिव्या घालतात.

मग समाज जवळ येतो कशानं? मी बघितलेली सगळ्यात चांगली उदाहरणं कंटाळवाणी आहेत. पिरेनीज पर्वतात सेर्दान्या नावाचं पठार आहे, अर्धं फ्रान्समध्ये, अर्धं स्पेनमध्ये. स्पेनच्या बाजूला पुइगसेर्दा इथे २०१४ मध्ये दोन्ही देशांचं मिळून एक हॉस्पिटल सुरू झालं, प्रादेशिक फंडाच्या मदतीनं. आधी फ्रेंच बाजूच्या रुग्णाला डोंगर उतरून शंभरेक किलोमीटरवर पेर्पिन्याँला जावं लागायचं. इमारत उभी करणं सोपं होतं, पण फ्रेंच बाळ स्पेनमध्ये जन्मलं तर जन्मनोंद कशी करायची, रुग्ण गेला तर मृतदेह सीमेपलीकडे न्यायची परवानगी कोणाची, दोन देशांचे विमे बिलं कशी वाटून घेणार, हे सोडवण्यातच दम निघाला. आणि एकदा सुटलं की दोन्हीकडची माणसं एकाच रांगेत बसतात.

तसंच सामाजिक सुरक्षेचा मेळ घालणारा नियम. रोमानियन माणूस दहा वर्षं घरी, आठ वर्षं इटलीत, सहा वर्षं जर्मनीत राबला, तर पेन्शनचा हक्क ठरवताना ही सगळी वर्षं जोडून धरतात आणि प्रत्येक देश आपापला हिस्सा देतो. याच्यावर कोणी पाटी लावत नाही. किंवा दुसऱ्या देशात तात्पुरत्या कामावर पाठवलेल्या कामगारांबद्दलचा नियम, २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यांना तिथल्या कामगाराच्या बरोबरीचा मोबदला द्यावा लागतो, त्यामुळे 'हे बाहेरचे येऊन आमचे पगार पाडतात' या तक्रारीतली निदान थोडी हवा गेली. फंडाच्या तुलनेत याला पैसा जवळजवळ लागतच नाही, लागते ती राजकीय इच्छा, आणि ती पैशापेक्षा दुर्मिळ.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पाण्यात गेला नाही, देशादेशांतलं अंतर कमी करायला हातभार लागला, पण बाजार एक झाल्यानं समाज आपोआप एक होत नाही, उलट बाजार तरुणांना आणि भांडवलाला राजधानीकडे ओढतो आणि मागे उरलेल्यांसाठी मुद्दाम काहीतरी करावं लागतं. देणाऱ्यांचा विश्वासही टिकवावा लागतो, २०२२ च्या डिसेंबरमध्ये हंगेरीचे साधारण ६.३ अब्ज युरो तिथे कायद्याचं राज्य नीट पाळलं जात नाही यावरून रोखले ते त्यासाठीच.

२०२७ नंतर काय, असं तुम्ही शेवटी विचारलं होतं. कमिशननं जुलै २०२५ मध्ये प्रस्ताव मांडलाय की शेतीचा आणि प्रादेशिक विकासाचा पैसा एकत्र करून प्रत्येक देशाशी एकच योजना ठरवायची आणि ठरलेले टप्पे गाठले की हप्ता सोडायचा. कागदपत्रं कमी होतील हे खरं, पण योजना राजधानीत बसून लिहिली जाणार आणि शेतकऱ्यांचा मोर्चा आला की प्रदेशांचा वाटा आधी कापला जाणार ही प्रदेशांची भीती मला रास्त वाटते. वाटाघाटीत काय टिकतं ते बघावं लागेल. तुम्हाला स्वतः एखादा भाग तपासायचा असेल तर कमिशनची कोहेसिओ नावाची साइट आहे, तिथे प्रकल्प नकाशावर दिसतात, आणि युरोस्टॅटवर, म्हणजे युनियनच्या आकडेवारी कार्यालयाच्या साइटवर, त्याच प्रदेशाचे तीन आकडे शेजारी शेजारी लावा: दरडोई जीडीपी, घरांच्या हातात येणारं उत्पन्न, आणि वीस ते चौतीस वयाच्या माणसांची संख्या. पहिला वर जातोय आणि तिसरा खाली, असं दिसलं तर प्रकल्पांच्या यादीत बांधकामं किती आणि माणसांसाठीची कामं किती ते मोजा, मग इथे येऊन सांगा, त्या भागाबद्दल अजून बोलू.